गेन वेगळा, व्हॉल्यूम वेगळा

व्हॉल्यूम म्हणजे काय, हे बेळगावात कुणाला शिकवायला नको. गणपतीच्या मंडपात बटण फिरवलं की स्पीकर मोठा होतो, उलटं फिरवलं की बारीक. पॉडकास्ट सुरू करणारे मात्र तीच समजूत गेनच्या बटणावर चालवतात आणि तासाभराची मुलाखत हातची जाते.

माइकमधून येणारा संकेत अगदी क्षीण असतो. रेकॉर्ड होण्याआधी तो किती वाढवायचा, ते गेन ठरवतो. ऐकताना तुमच्या कानाला किती मोठं लागावं, ते व्हॉल्यूम ठरवतो. गेन फाइलमध्ये उतरतो, हेडफोनचा व्हॉल्यूम उतरत नाही. म्हणून हेडफोनमध्ये बारीक ऐकू येतं एवढ्यावरून गेन वाढवू नका. आधी मीटर, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. मीटर ठीक असेल तर हेडफोनचंच बटण फिरवा.

घोळाला यंत्रांचाही हातभार आहे. सॅमसन क्यू२यू माइकच्या अंगावरचं व्हॉल्यूम बटण फक्त हेडफोनचं. यूएसबीवर त्याची पातळी कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये, इनपुटखाली लावायची. ब्लू येती माइकवर पुढचं बटण हेडफोनचं, मागचं गेनचं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकच्या चित्राची पट्टी रेकॉर्डिंगची, स्पीकरच्या चित्राची ऐकण्याची.

गेन जास्त झाला तर काय होतं? डिजिटल मीटरवर ० डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) हे छत आहे. त्याच्या वर गेलेला आवाज साठतच नाही. फाइलमधलं लाटांचं चित्र मोठं करून बघा: लाटांचे माथे रंधा मारल्यासारखे सपाट दिसतात आणि प्रत्येक मोठ्या शब्दाला करकर ऐकू येते. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून ते पातेल्यात परत येत नाही, तसंच नंतर व्हॉल्यूम कमी करून हे माथे परत येत नाहीत. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं तिथे फक्त अंदाज भरतात. उलट, थोडं बारीक रेकॉर्ड झालेलं सहज वाढवता येतं, विशेषतः २४ बिटवर (आवाज जास्त बारकाईने साठवणारं सेटिंग). शंका असेल तर गेन कमीच ठेवा.

पातळी लावताना "हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" ही पद्धत सोडून द्या. तेव्हा माणूस हळू बोलतो. पाहुण्याला उसाच्या बिलाबद्दल विचारा, आवाज चढू द्या, हसू द्या. तेव्हाचं टोक उणे १२ डीबीच्या आसपास राहील असा गेन लावा, उणे ६ च्या वर नको. विंडोजमधला माइक बूस्ट (जादा गेन) आणि झूम कॉलमधलं माइकची पातळी आपोआप बदलणं, दोन्ही बंद करा. पातळी आपोआप बदलत राहिली तर बोलणारा थांबला की पंख्याची घरघर वर येते.

गेनला माणूस आणि पंखा यांतला फरक कळत नाही, तो दोघांनाही सारखंच वाढवतो. खानापूरकडच्या पावसात कौलांचा आवाज दाबायला गेन उपयोगाचा नाही, अंतर उपयोगाचं आहे. माइक एका वितीवरून अर्ध्या वितीवर आणला की तोंडाचा आवाज सुमारे ६ डीबीने वाढतो, कौलांचा आहे तेवढाच राहतो. मग गेन तेवढा खाली घ्या. फार जवळ गेलात तर 'प' आणि 'फ' फुटतात, म्हणून माइक तोंडासमोर न धरता किंचित कडेला धरा.

खरेदीत एवढं बघा. श्युअर एसएम७बी या माइकला निदान ६० डीबी गेन लागतो. तेवढा न देणाऱ्या स्वस्त इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) तो बारीक आणि खरखरीत येतो. सुरुवातीला यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची तीन पिनांची जोडणी) दोन्ही असलेला साधा डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइकच घ्यावा. बाहेर गावोगाव फिरून लोकांना बोलतं करायचं असेल तर झूम एच१ इसेन्शियलसारखा (ही झूम कॉलवाली कंपनी नव्हे) ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर, म्हणजे बारीक-मोठा सगळा आवाज साठवणारा, चांगला. त्याला गेनचं बटणच नाही, पातळी नंतर लावता येते. माइकच्या कॅप्सूलमध्येच (आवाज पकडणारा भाग) फाटेल इतका मोठा आवाज मात्र त्यालाही झेपत नाही.

फाइलचा मोठेपणा शेवटी ऑडॅसिटीतल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने उणे १६ एलयूएफएसवर (कानाला सरासरी किती मोठं लागतं याचं माप) आणा आणि लिमिटरने (टोकं दाबणारं साधन) टोकं उणे १ डीबीखाली ठेवा. ही पायरी सगळी कापाकापी झाल्यावर, एकदाच.