मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर

माहिती व तिचे नियम सांभाळणे, ती माहिती दाखवणे आणि वापरकर्त्याच्या सूचना हाताळणे ही तीन कामे सॉफ्टवेअरच्या तीन स्वतंत्र भागांकडे सोपवणारा रचनाबंध. या भागांना अनुक्रमे मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर म्हणतात आणि रचनाबंधाला थोडक्यात एमव्हीसी. रेल्स, लाराव्हेल, स्प्रिंग एमव्हीसी यांसारख्या वेब फ्रेमवर्कांची (संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्यांची) मांडणी याच विभागणीवर आहे. कल्पना मात्र वेबच्या बऱ्याच आधीची.

नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्स्काउग (१९३०–२०२४) यांनी १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक असताना ती मांडली. त्याआधी जहाजबांधणीसाठीच्या ऑटोकॉन या आरेखन-प्रणालीवर त्यांनी काम केले होते. प्रचंड आणि गुंतागुंतीची माहिती हाताळणाऱ्या माणसाच्या मनात तिचे एक चित्र असते. संगणकातली माहिती त्याला त्या चित्राबरहुकूम पाहता व बदलता यावी, हा त्यांचा मूळ हेतू. मे १९७९ च्या टिपणात त्यांनी थिंग, मॉडेल, व्ह्यू, एडिटर असे चार भाग कल्पिले होते. त्याच केंद्रातल्या संशोधक ॲडेल गोल्डबर्ग यांच्याशी बरीच चर्चा झाल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या टिपणात आजची तीन नावे आली. पुढे स्मॉलटॉक-८० या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रणालीतून हा विचार जगभर पोहोचला.

स्मॉलटॉकमध्ये एकाच मॉडेलला अनेक व्ह्यू जोडलेले असत. मॉडेलमध्ये बदल झाला की ते आपल्या सर्व व्ह्यूंना वर्दी देई आणि प्रत्येक व्ह्यू स्वतःला नव्याने रेखाटे. कंट्रोलरकडे माउस व कळफलक. वेबवर हे जसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत, ब्राउझर रिक्वेस्ट (विनंती) पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो आणि तेवढ्यावर व्यवहार संपतो. नंतर डेटाबेसमध्ये काही बदलले तरी आधीच पोचलेल्या पानाला त्याची खबर लागत नाही. मॉडेल आणि व्ह्यूमधला हा जिवंत दुवा वेबवर तुटला. कंट्रोलरचे काम मात्र वाढले: आलेली रिक्वेस्ट समजून घेणे, मॉडेलकडून काम करवून घेणे आणि उत्तरासाठी व्ह्यू निवडणे. म्हणून वेबवरची एमव्हीसी ही मूळ रचनेची नक्कल नसून तिचे वेगळे रूप मानावे लागते.

या रूपाची गरज पडली ती पानांतल्या गुंत्यामुळे. १९९० च्या दशकात पीएचपी किंवा जेएसपी (सर्व्हरवर पाने तयार करण्याची तंत्रे) यांच्या एकाच फाइलमध्ये पानाची मांडणी करणारे एचटीएमएल, डेटाबेसशी बोलणारे एसक्यूएल आणि व्यवहाराचे नियम सर्रास एकत्र लिहिले जात. जावाच्या जगात याला ‘मॉडेल १’ आणि त्यावरच्या विभागलेल्या रचनेला ‘मॉडेल २’ म्हणू लागले. २००० मध्ये आलेल्या स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कने दुसरी पद्धत रुळवली. २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) आणि २००५ मध्ये जँगो या फ्रेमवर्क खुल्या झाल्या. जँगोमध्ये व्ह्यू नावाचे फंक्शन बव्हंशी कंट्रोलरचे काम करते आणि दाखवण्याची जबाबदारी टेम्प्लेटकडे (पानाच्या साच्याकडे) असते, त्यामुळे रेल्सवरून तिकडे जाणारा सुरुवातीला हमखास चकतो.

विभागणीचा उपयोग एका रिक्वेस्टच्या प्रवासात नीट दिसतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचकाने ‘मुदत वाढवा’ हे बटण दाबले असे समजू. राउटर, म्हणजे रिक्वेस्टला वाट दाखवणारा भाग, पत्ता पाहून योग्य कंट्रोलरची मेथड (त्यातले नेमके काम) गाठतो. वाचक लॉगिन झालेला आहे आणि ही नोंद त्याचीच आहे एवढे पाहून कंट्रोलर मॉडेलला मुदत वाढवायला सांगतो. पुस्तक दुसऱ्या कोणी राखून ठेवले असेल तर नकार, नसेल तर १४ दिवसांची वाढ, हा नियम मॉडेलमध्ये असतो. काम झाले तर कंट्रोलर ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवतो, जेणेकरून रिफ्रेश केल्यावर तीच विनंती पुन्हा जाऊ नये. नकार आला तर कारणासह तेच पान पुन्हा दाखवतो. तारीख कशी छापायची, हे व्ह्यू ठरवतो.

उद्या मोबाइल ॲपसाठी पानाऐवजी जेसन (प्रोग्रॅमला वाचता येणारे माहितीचे स्वरूप) हवे झाले तर व्ह्यू तेवढा नवा लागेल. रात्री आपोआप मुदत वाढवणारी स्क्रिप्ट लिहायची ठरली तर तिच्यात कंट्रोलर नसेलच, पण राखीव पुस्तकाचा नियम तिलाही लागू होईल. तोच नियम कंट्रोलरमध्ये लिहिला असता तर स्क्रिप्टने तो मुकाट्याने ओलांडला असता. वेब एमव्हीसीचा खरा लाभ इथे आहे. नुसते तीन फोल्डर केल्याने तो पदरात पडत नाही.

प्रत्यक्षात कंट्रोलर फुगत जाणे ही नेहमीची व्याधी. त्यावर ‘मॉडेल भरभक्कम, कंट्रोलर सडपातळ’ हा सल्ला रेल्सच्या वर्तुळात लोकप्रिय झाला, पण त्यापायी मॉडेलचे क्लास हजारो ओळींचे झाले आणि अनेक नोंदींना स्पर्श करणारी कामे वेगळ्या सर्व्हिस क्लासमध्ये नेण्याची पद्धत पडली. दुसरा दोष सहज नजरेतून सुटतो. व्ह्यूमध्ये ५० नोंदींची यादी फिरवताना प्रत्येक ओळीत पुस्तकाचे नाव मागितले, तर यादीची एक आणि नावांच्या ५० अशा ५१ क्वेरी (माहितीच्या मागण्या) डेटाबेसवर जाऊ शकतात. टेम्प्लेट वरून अगदी निरागस दिसते. लागणारी सगळी माहिती आधीच एकत्र मागवून व्ह्यूच्या हाती देणे हा त्यावरचा उपाय.

एमव्हीपी (मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटर) आणि एमव्हीव्हीएम (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल) ही याच कुळातली रूपे असून त्यांचा वापर मुख्यतः डेस्कटॉप व मोबाइलच्या पडद्यांसाठी झाला. २०१० नंतर अँग्युलर, रिॲक्ट यांसारख्या साधनांमुळे पडदा रेखाटण्याचे बरेच काम ब्राउझरमध्ये गेले. तिथे माहिती बदलताच तिच्याशी जोडलेला पडद्याचा भाग पुन्हा रेखाटला जातो आणि सर्व्हरवरच्या एमव्हीसीकडे अनेकदा जेसन पुरवण्याचेच काम उरते.