पंपिंग (ध्वनितंत्र)

पंपिंग : कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्राच्या) क्रियेमुळे ध्वनीची पातळी तालाबरोबर दबते आणि पुन्हा वर येते, तेव्हा कानाला जाणवणारा चढउतार. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात तो मुद्दाम आणतात. किकचा (ड्रमसंचातील खर्जाच्या ढोलाचा) ठोका पडला की सिंथ, पॅड व बेस हे इतर आवाज दबतात आणि पुढच्या ठोक्याआधी उसळून वर येतात. साइडचेन, म्हणजे एका ध्वनीच्या पातळीवरून दुसरा ध्वनी दाबणे, हा हा परिणाम साधण्याचा एक मार्ग. व्यवहारात या दोन संज्ञांची सरमिसळ होते.

उगमाविषयी मतभेद आहेत. ध्वनिमुद्रणाच्या जुन्या हस्तपुस्तिकांत पंपिंग दोष म्हणूनच येते : मोठा आवाज संपताच कॉम्प्रेसर पातळी पूर्ववत करी व टेपवरची सरसर त्याबरोबर उचलली जाई. हा दोष गुण केव्हा ठरला, एवढाच वादाचा मुद्दा. एक मत ते श्रेय १९६० च्या दशकाला देते. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ (१९६६) या मुद्रणात ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ड्रम फेअरचाइल्ड ६६० या कॉम्प्रेसरमधून घेऊन भरपूर दाबले होते. पण तेथे ड्रम स्वतःच दबतात. त्यांच्या ठोक्याने बाकीचे गाणे हलत नाही. दुसरे मत १९९० च्या दशकातील फ्रेंच हाउस या नृत्यसंगीताकडे जाते. डाफ्ट पंक या जोडीने अलेसिस ३६३० हा स्वस्त कॉम्प्रेसर वापरल्याचे वारंवार सांगितले जाते व त्या काळची मुद्रणे ऐकता ते पटण्याजोगे आहे. तिसरे मत एरिक प्रिड्झ यांच्या ‘कॉल ऑन मी’ला (२००४) मान देते, मात्र ते फार तर प्रसाराचे वर्ष ठरेल. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. साइडचेनची कल्पना याहून बरीच जुनी आहे. निवेदक बोलू लागताच संगीत आपोआप दबावे, यासाठी रेडिओ प्रसारणात ती आधीच रुळलेली होती.

कॉम्प्रेसरमध्ये ध्वनीच्या दोन वाटा असतात. एकीवरून ऐकू येणारा ध्वनी जातो, दुसरीवरचा शोधक पातळी मोजून किती दाबायचे ते ठरवतो. शोधकाला संपूर्ण मिश्रण दिले, तर त्यातील सर्वांत जोरकस घटक, बहुधा किक, सगळ्यांना दाबतो आणि स्वतःही दबतो. शोधकाला फक्त किक दिली व दाब बेसवर ठेवला, तर किक अखंड राहते. या दुसऱ्या प्रकारात किकची एक मूक प्रतही वापरतात. ती ऐकू येत नाही, केवळ कॉम्प्रेसरला चालना देते. त्यामुळे किक थांबलेल्या ओळींतही झोका चालू राहतो.

परिणामाचे खरे मर्म रिलीजमध्ये, म्हणजे दाब सुटून पातळी पूर्ववत होण्यास लागणाऱ्या वेळात, आहे. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गतीत दोन ठोक्यांमधले अंतर ४६८.७५ मिलिसेकंद असते. रिलीज त्याहून फार लांबला, तर पातळी पूर्ववत होण्याआधीच पुढचा ठोका येतो. मग झोका मिळत नाही, आवाज नुसता लहान होतो. फार आखूड ठेवला, तर पातळी किकच्या शेपटीतच परत येते व बेसशी टक्कर होते. अटॅक (दाब लागू होण्याचा वेळ) जलद हवा, परंतु ५० हर्ट्‌झच्या खर्जाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असल्याने अटॅक व रिलीज दोन्ही त्याहून फार कमी ठेवले, तर तरंगाचा आकारच बिघडतो. थ्रेशोल्ड (दाब सुरू होण्याची पातळी) व रेशो (दाबाचे प्रमाण) कानाने ठरवावेत. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह आदी संगीतनिर्मितीच्या प्रणालींत ही जोडणी अंगभूत आहे. कॉम्प्रेसर टाळून पातळीची वक्ररेषा थेट आखणारी प्लगइनेही मिळतात.

कोल्हापुरात या तंत्राची गाठ हलगी-घुमक्याशी पडते. हलगीचा ठोका तीक्ष्ण व दाट असतो. ती मिश्रणात असताना संपूर्ण मिश्रण दाबले, तर किकच्या मधल्या जागेत हलगीच कॉम्प्रेसरला चालना देते आणि झोका विस्कटतो. शोधकाच्या वाटेवर केवळ खर्ज जाऊ देणारा फिल्टर लावल्यास हलगी बाजूला पडते. घुमक्याचा खर्ज मात्र त्या फिल्टरमधूनही पार होतो, म्हणून अशा रिमिक्समध्ये मूक किकचा मार्ग सोयीचा. तिस्र अंगाच्या (तीन-तीन मात्रांच्या) ठेक्यात रिलीज सरळ चौपटीवर मोजून चालत नाही, हे घाईत विसरले जाते.

स्टुडिओत बसवलेला झोका मिरवणुकीत तसाच राहत नाही. गणेश विसर्जनाच्या वेळी मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, पापाची तिकटी या मार्गावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परतणारा ध्वनी दोन ठोक्यांमधली पोकळी भरून काढतो आणि झोका उथळ होतो. उलट ‘डॉल्बी’च्या भिंतीतील लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारी यंत्रे) मर्यादेला भिडले, तर ते स्वतःचे दुसरे, अनियंत्रित पंपिंग करतात. लिमिटर क्रॉसओव्हरच्या (ध्वनी खर्ज ते तार अशा पट्ट्यांत विभागणाऱ्या भागाच्या) आधी असल्यास खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला गायकाचा आवाजही बुडतो. जाणकार त्यामुळे प्रत्येक पट्ट्याला वेगळा लिमिटर लावतात.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी असून राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. मोजणी ‘ए’ भारित (कानाच्या संवेदनेनुसार खर्ज कमी धरणाऱ्या) सरासरीने होते. या भारणात ६३ हर्ट्‌झचा ध्वनी सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. साहजिकच मापकाचा आकडा आणि खिडक्यांची तावदाने थरथरवणारा किकचा खर्ज यांचा मेळ सहसा बसत नाही.