हँडस्टँड शिकवता येतो, पण प्रशिक्षक म्हणून अर्ज करायचाय? आधी प्रमाणपत्रं नीट वाचा

हातांवर दोन-दोन मिनिटं उभी राहणारी, स्प्लिट आणि पुलअप्स उत्तम शिकवणारी मुलं-मुली दर वर्षी कागदांवर अडतात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहितेय.

खासगी क्लासमध्ये शिकवायला आपल्याकडे प्रशिक्षकाचा सरकारी परवाना लागत नाही. प्रश्न येतो तो सरकारी पदाचा किंवा साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्राचा. तिथे विचारतात ‘एनआयएस केलंय का?’ म्हणजे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (स्थापना १९६१) क्रीडा प्रशिक्षण डिप्लोमा. हा वर्षाचा असतो. त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. जाहिरातीत ‘डिप्लोमा’ लिहिलेलं असताना सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र जोडणारे इतके भेटतात, की आता मी आधी तेच विचारते. कोर्स चांगला आहे, पण त्याने डिप्लोमाची जागा भरत नाही.

डिप्लोमाच्या प्रवेशासाठी पदवी, वय आणि वैद्यकीय तंदुरुस्ती यांच्या अटी माहितीपत्रकात सरळ दिलेल्या असतात. माणूस अडतो तो खेळातल्या कामगिरीच्या रकान्यात. तिथे हँडस्टँड किंवा कॅलिस्थेनिक्स (स्वतःच्या शरीराच्या वजनावर करायचा व्यायाम) असा खेळ नसतो. जवळचा खेळ जिम्नॅस्टिक्स, आणि प्रमाणपत्रही जिम्नॅस्टिक्सचंच लागतं. आपल्या मल्लखांबाच्या मुलांच्या हे फार मनाला लागतं. मल्लखांबाच्या प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेत, २०२० साली योगेश मालवीय यांना मिळाला. तरी जिम्नॅस्टिक्सच्या अर्जात मल्लखांबाचं प्रमाणपत्र दुसऱ्या खेळाचंच धरलं जातं. शरीर तेच, कसरत बरीचशी तीच, पण कागद ते ऐकत नाही. म्हणून पदवीच्या वर्षांतच विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स संघाची निवड चाचणी द्या. विद्यापीठातलं शिक्षण संपल्यावर ही संधी परत येत नाही.

आता प्रमाणपत्र कसं असतं ते बघा. एका मुलीबरोबर मी कार्यालयात गेले होते. तिचं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र आईने जपून लॅमिनेट केलेलं. समोरच्या बाईंनी ते ट्यूबलाइटखाली तिरपं धरून पाहिलं. शिक्का पुसट, क्रमांक लिहिलेलाच नाही, प्रकाराच्या जागी नुसतं ‘सहभाग’, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर असलेलं वडिलांचं नाव इथे गायब. स्पर्धा खरी होती, मुलगी तिथे खेळली होती. अर्ज मात्र परत आला. आयोजक संघटना प्रमाणपत्रं इतकी निष्काळजीपणे का भरतात, हे मला आजवर कळलेलं नाही. बक्षीस समारंभ संपायच्या आधी तिथेच उभं राहून नाव, तारीख, प्रकार, क्रमांक आणि सही तपासा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. चार वर्षांनी संघटनेचा सचिव बदललेला असतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्रातली नोंद आधीच करून ठेवावी. ऐन वेळी केलेलं प्रतिज्ञापत्र बरेचदा पुरत नाही.

आणखी एक घोळ. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्याकडून करून घ्यावी लागते. ती खेळाडू म्हणून आरक्षण मिळावं यासाठी आहे, प्रशिक्षकाची पात्रता त्याने सिद्ध होत नाही. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जाहिरात येण्याची वाट पाहू नका, पडताळणीला वेळ लागतो.

तारखांबद्दल: अर्जाची शेवटची तारीख आणि वय मोजण्याची तारीख एकच असेल असं धरू नका. पदवीचा निकाल कोणत्या तारखेपर्यंत लागलेला हवा, तेही शोधून वाचा. ‘निकाल येणार आहे’ हे कुणी ऐकून घेत नाही.

स्पर्धा कधीच खेळला नसाल तर पतियाळाच्या मागे वर्षं घालवू नका. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा देता येते, ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’पासून पुढे पायऱ्या आहेत. लवचिकतेचं शिकवणाऱ्यांना ती जवळची. जिममध्ये काम करायचं असेल तर क्रीडा-फिटनेस क्षेत्रातल्या कौशल्य परिषदेचं फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र बघा.

लहान मुलांना शिकवणार असाल तर शाळा पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. अर्ज ऑनलाइन होतो, पण चौकशी राहत्या पत्त्यावर होते. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हाताशी ठेवा आणि घरमालकाला आधी सांगून ठेवा.