प्रोग्रामला जागीच उभा करणारा बाइट

समजा, दुकानातल्या बिलाच्या प्रोग्राममध्ये एकूण रक्कम अधूनमधून उणे येते. अशा वेळी बरेच जण कोडमध्ये जागोजागी आकडे छापणाऱ्या ओळी घालतात. अंदाज चुकला की आणखी ओळी, पुन्हा पहिल्यापासून. डिबगर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला मदत करणारा प्रोग्राम, हाताशी असेल तर संशयित ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावायचा. प्रोग्राम तिथे येऊन उभा राहतो आणि कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे, इथवर कुठल्या फंक्शनमधून आलो, हे निवांत पाहता येतं.

पण सेकंदाला अब्जावधी सूचना उरकणारा प्रोसेसर नेमका तिथेच थांबतो कसा? डिबगर प्रत्येक सूचनेवर पहारा देत नाही, नाहीतर प्रोग्रामची गोगलगाय होईल. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिलेला जीडीबी हा डिबगर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर काय करतो पाहा. त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट तो जपून ठेवतो आणि तिथे 204 हा आकडा लिहितो. प्रोसेसरच्या भाषेत 204 म्हणजे ‘थांब, ऑपरेटिंग सिस्टीमला कळव’. सिस्टीम प्रोग्रामला रोखते, डिबगरला जागं करते. पुढे जायचं ठरलं की डिबगर मूळ बाइट परत ठेवतो, प्रोसेसरला एक घर मागे आणतो, तेवढी एकच सूचना चालवून घेतो आणि पुन्हा 204 लिहून ठेवतो.

ही सूचना एकाच बाइटची आहे, यातलं शहाणपण मला फार आवडतं. या प्रोसेसरवर काही सूचना मुळातच एका बाइटच्या असतात. थांबण्याची सूचना दोन बाइटची असती, तर तिने शेजारच्या सूचनेवर अतिक्रमण केलं असतं, आणि दुसरीकडून उडी मारून थेट त्या शेजारणीवर येणारा प्रोग्राम भरकटला असता.

रक्कम बिघडवणारी ओळ कुठली हेच ठाऊक नसेल, तर वॉचपॉइंट लावतात. इंटेलच्या 1985 च्या 80386 या प्रोसेसरपासून यांच्यात मेमरीतल्या चार पत्त्यांवर नजर ठेवण्याची सोय आहे. त्या जागी कोणी काही लिहिलं की प्रोग्राम थांबतो आणि चोर रंगेहाथ सापडतो.

काही चुका मात्र थांबवलं की गायबच होतात, कारण दोन थ्रेडांची, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची, वेळ जुळली तरच त्या घडतात. अशांसाठी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात तयार झालेला ‘आरआर’ हा डिबगर लिनक्सवर प्रोग्रामची पूर्ण धाव नोंदवून ठेवतो. चूक एकदा त्या नोंदीत आली, की उणे रकमेवर वॉचपॉइंट लावून प्रोग्राम उलटा चालवायचा. ती रक्कम लिहिणाऱ्या ओळीवर तो येऊन थांबतो.