हायपरलूप

हायपरलूप : हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेल्या बंद नळीतून, चाकांशिवाय, विमानाच्या वेगाने प्रवासी डबे पळवण्याची वाहतूक-कल्पना. हे नाव २०१२ मध्ये इलॉन मस्क यांनी दिले. मूळ कल्पना मात्र शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. २०१८ ते २०२० या काळात जगातला पहिला हायपरलूप मुंबई–पुणे मार्गावर धावेल अशी घोषणा, करार आणि शासकीय मंजुरी इतकी मजल गेली होती. आजवर मात्र जगात कुठेही सामान्य माणसाला तिकीट काढून हायपरलूपने जाता आलेले नाही.

तत्त्व

जमिनीवरच्या वाहनाला दोन गोष्टी अडवतात, चाकाचे घर्षण आणि समोरची हवा. वेग कमी असताना हवेचा अडथळा जाणवत नाही. पण हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट केला की शक्ती आठपट. विमाने दहा-अकरा किलोमीटर उंच चढतात त्यामागे हेही एक कारण आहे. तिथली हवा जमिनीलगतच्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाइतकी विरळ असते. गाडीला वर नेता येत नाही, म्हणून वरची विरळ हवाच खाली आणून नळीत कोंडायची, हा हायपरलूपचा गाभा. मस्क यांच्या आराखड्यात नळीतला दाब १०० पास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या सुमारे एक हजारांश धरला होता.

इतकी कमी हवाही त्रास देतेच. अरुंद नळीतून वेगाने जाणारा डबा इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या दट्ट्यासारखा वागतो. त्याच्या पुढची हवा बाजूने मागे सरकू शकली नाही तर ती पुढेच साचत जाते. यावर मस्क यांचा उपाय असा होता की डब्याच्या नाकाशी कॉम्प्रेसर बसवायचा, समोरची हवा आत ओढून मागे सोडायची आणि तिच्यातलाच काही भाग खाली फवारून हवेच्या गादीवर डबा तरंगवायचा. पुढे काम करणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी ही हवेची गादी सोडून चुंबकीय उत्थापन, म्हणजे मॅगलेव्ह तंत्र, स्वीकारले. डब्याला सगळे ‘पॉड’ म्हणतात, मराठी वृत्तपत्रांनीही तोच शब्द घेतला.

आधीचे प्रयत्न

नळी आणि हवेचा दाब यांवर गाडी चालवण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग इंग्लंडमध्ये अभियंते इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी साउथ डेव्हन रेल्वेवर केला. सप्टेंबर १८४७ पासून एक्सेटरच्या पुढे समुद्रकाठाने ही ‘वातदाब रेल्वे’ प्रवाशांना घेऊन धावू लागली. दोन रुळांच्या मध्ये लोखंडी नळ होता. त्याच्या आतला दट्ट्या गाडीला जोडलेला, आणि दर काही किलोमीटरवरच्या पंपघरांत वाफेची इंजिने नळातली हवा खेचून घेत. दट्ट्यापुढे हवा नाही, मागे पूर्ण वातावरणाचा दाब. या फरकावर गाडी धूर न सोडता, इंजिनाशिवाय पळे. प्रवाशांना ती आवडली होती.

अडचण दट्ट्या आणि गाडी यांना जोडणाऱ्या दांड्याची होती. तो दांडा सरकावा म्हणून नळाला वरून सलग चीर ठेवावी लागली आणि ती चामड्याच्या पट्टीने झाकावी लागली. गाडी आली की पट्टी उचलली जाई, गेली की बसे. चामडे मऊ राहावे म्हणून त्याला चरबी लावत. उन्हात ते कोरडे पडून तडकले, थंडीत कडक झाले, आणि फटींतून हवा आत शिरू लागली. पंपांना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त कोळसा लागू लागला. संपूर्ण मार्गाची पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा कंपनीने हात टेकले. सप्टेंबर १८४८ मध्ये, जेमतेम वर्षभरात, प्रयोग बंद झाला. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी निघायला तेव्हा अजून साडेचार वर्षे होती. ब्रुनेल यांचे गणित चुकले नव्हते. मैलोन्‌मैल लांबीचा सांधा ऊनपावसात हवाबंद ठेवणे जमले नाही. हायपरलूपचा पुढचा इतिहास वाचताना हे चामडे लक्षात ठेवावे.

न्यूयॉर्कमध्ये १८७० साली आल्फ्रेड बीच यांनी ब्रॉडवे रस्त्याखाली सुमारे ९५ मीटरचा बोगदा खोदून पंख्याच्या झोताने एक डबा ढकलून दाखवला. लोकांनी पैसे देऊन फेऱ्या मारल्या, पण मार्ग पुढे वाढला नाही. हवा काढलेल्या नळीत चुंबकांवर तरंगणारे वाहन हा आजच्या अर्थाचा विचार विसाव्या शतकातला. रशियात तोम्स्क येथे बोरिस वाइनबर्ग यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी त्याची प्रतिकृती बांधली होती. अग्निबाणाचे जनक रॉबर्ट गॉडार्ड यांच्या निर्वात नळी-वाहतुकीचे पेटंट त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये मंजूर झाले. १९७२ मध्ये अमेरिकेतील रँड संस्थेचे रॉबर्ट सॉल्टर यांनी न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस भूमिगत प्रवास २१ मिनिटांत होईल असे मांडले. स्वित्झर्लंडने ‘स्विसमेट्रो’ या नावाने १९७४ पासून अशाच कल्पनेवर अभ्यास केला. तिच्यासाठी काढलेली कंपनी २००९ मध्ये विसर्जित झाली.

मस्क यांचा आराखडा आणि नंतरची धामधूम

ऑगस्ट २०१३ मध्ये मस्क यांनी लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गासाठी तांत्रिक आराखडा जाहीर केला. कॅलिफोर्नियाची नियोजित वेगवान रेल्वे फार महाग आणि संथ आहे, हा त्यामागचा आक्षेप होता. २८ आसनांचे पॉड, ताशी १,२२० किमीपर्यंत वेग, ३५ मिनिटांत प्रवास, खर्च सहा अब्ज डॉलर आणि तिकीट वीस डॉलर, असे त्यातले आकडे होते. आपण स्वतः हे बांधणार नाही, ज्याला हवे त्याने पुढे न्यावे, असेही त्यांनी सांगून टाकले. या खुलेपणामुळे जगभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी कल्पना उचलून धरली. २०१७ ते २०१९ या काळात मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीने भरवलेल्या पॉड स्पर्धांत भारतीय विद्यार्थ्यांचे संघही उतरले होते. शेवटच्या स्पर्धेत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या पॉडने ताशी ४६३ किमी वेग गाठला.

व्यावसायिक प्रयत्नांत सर्वांत पुढे होती ती हायपरलूप वन. रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन समूहाने गुंतवणूक केल्यावर तिच्या नावात व्हर्जिन आले. नेव्हाडाच्या वाळवंटात तिने ५०० मीटर लांबीची, ३.३ मीटर व्यासाची चाचणी-नळी उभारली. ८ नोव्हेंबर २०२० रोजी तिथे पहिल्यांदा माणसे बसली. वेग ताशी सुमारे १७२ किमी आणि प्रवास अवघ्या काही सेकंदांचा. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फेरीत मूळचा पुण्याचा एक अभियंता होता, आणि पुण्याच्या वृत्तपत्रांनी ती बातमी कौतुकाने छापली.

मुंबई–पुणे

या मार्गाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण कागदावर हायपरलूप सर्वांत दूर गेला तो इथेच.

१८ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत ब्रॅन्सन आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत करार जाहीर झाला. पुण्याहून नवी मुंबई विमानतळमार्गे मुंबई, वेळ २५ मिनिटे, वर्षाला १५ कोटी प्रवासी-फेऱ्या. त्याच वर्षी फडणवीस नेव्हाडाची नळी पाहून आले. २०१९ मध्ये राज्य शासनाने प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत सुविधेचा दर्जा दिला आणि दुबईची बंदर-कंपनी डीपी वर्ल्ड व व्हर्जिन हायपरलूप यांच्या समूहाला मूळ प्रस्तावक म्हणून मान्यता दिली. वाकड ते वांद्रे-कुर्ला संकुल असा ११७.५ किमीचा मार्ग, अंदाजे खर्च ७०,००० कोटी रुपये. आधी ११.८ किमीचा पथदर्शी मार्ग बांधायचा, त्याला ५,००० कोटी.

सरकार बदलले. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, हे तंत्र आधी दुसरीकडे यशस्वी होऊ द्या, मग पाहू, अशी भूमिका घेतली. त्या वेळी अनेकांना हा करंटेपणा वाटला. मागे वळून पाहता तो शहाणपणाचा निर्णय होता, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी राजकारणात शिरावे लागत नाही, साधा भागाकार पुरतो.

११७.५ किमी २५ मिनिटांत म्हणजे सरासरी वेग ताशी २८२ किमी. इतक्या वेगासाठी निर्वात नळी लागत नाही. जपान, फ्रान्स आणि चीनमधल्या वेगवान गाड्या उघड्या हवेत साध्या रुळांवर याहून जोरात धावतात. मग हजारी वेगाचे तंत्र या मार्गावर सरासरीत इतके खाली का येते? प्रवासी आरामात बसलेले राहतील अशा बेताने वेग वाढवला, तर ताशी १,००० किमी गाठायला सुमारे १९ किमी लागतात आणि थांबायला तितकेच. मध्ये विमानतळाचा थांबा घेतला की हे दुप्पट. वळणांचेही तसेच. मस्क यांच्या आराखड्यातली बऱ्यापैकी कडक मर्यादा मानली तरी ताशी १,००० किमीला वळणाची त्रिज्या सुमारे १६ किमी ठेवावी लागते. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत सह्याद्री पाचशे मीटरांहून अधिक उंची थोडक्या अंतरात चढतो, तिथे अशी सरळ नळी म्हणजे जवळजवळ सगळा बोगदाच. निर्वात नळीचा फायदा शेकडो किलोमीटरच्या सपाट मैदानावर दिसला असता. घाट मध्ये असलेल्या सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या मार्गावर तो वेग वाढवण्यात आणि कमी करण्यातच खर्ची पडतो.

अडले कुठे

बातम्यांत दर वेळी वेगाचा आकडा छापला जाई, पण खरा कस वेगाचा नव्हता. वातावरणाच्या दाबाने रिकाम्या नळीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन भार येतो. तेवढे पोलाद सोसते. पोलाद तापले की लांबते, आणि ते सोसणे अवघड. तीस अंशांच्या फरकाने ५०० मीटरची चाचणी-नळी सुमारे १८ सेंटीमीटर वाढेल. टोक मोकळे ठेवले की काम भागते. मुंबई–पुणे नळी त्याच उन्हात सुमारे ४२ मीटर वाढेल. नळी जागोजाग जखडून टाकली तर तो सगळा ताण खांबांवर आणि जोडांवर येतो. ती मोकळी ठेवायची तर दर शंभर मीटरला एक सरकता सांधा धरूनही जवळपास बाराशे सांधे होतात, आणि त्यातला प्रत्येक सांधा वर्षानुवर्षे हवाबंद राहायला हवा. ब्रुनेल यांचे चामडे इथे पुन्हा समोर येते. छोट्या चाचणी-नळीत हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून तिच्यातल्या यशावरून त्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरा अडसर प्रवासी-क्षमतेचा. ताशी १,००० किमी वेगातून अगदी करकचून ब्रेक लावला तरी पॉड थांबायला जवळपास आठ किलोमीटर लागतात. मागचा पॉड पुढच्यावर आदळू नये, तर दोघांत किमान इतके अंतर हवे, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाला एक पॉड. २८ आसनांच्या हिशेबाने तासाला एका दिशेने ३,३६० माणसे. मुंबईची बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी याहून जास्त माणसे एका खेपेत नेते. वर्षाला १५ कोटी फेऱ्यांचा आकडा खरा करायचा, तर दिवसाचे अठरा तास प्रत्येक दिशेने दर नऊ सेकंदांना एक पॉड सोडावा लागला असता. पॉडचे ताफे एकमेकांमागे अगदी जवळून, संगणकाच्या नियंत्रणाखाली पळवण्याचा विचार कंपन्यांनी मांडला, पण माणसे बसवून तो कोणी करून दाखवला नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात असा : नळीतल्या दाबाला उघडा पडलेला माणूस दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपतो. म्हणून पॉड बंद पडला तर खिडकी फोडून किंवा दार उघडून बाहेर पडता येत नाही, आधी नळीच्या त्या भागात हवा भरावी लागते. बोगद्यात, घाटात, पावसाळ्यात हे किती वेळात होईल याचा कोणताही प्रत्यक्ष अनुभव जगाजवळ नाही.

या सगळ्याच्या तुलनेत नळीशिवायचा मॅगलेव्ह कुठवर आला आहे तेही पाहण्यासारखे आहे. शांघायमध्ये २००४ पासून ३० किमीच्या मार्गावर मॅगलेव्ह गाडी तिकिटाने प्रवासी नेते. जपानच्या चाचणी-गाडीने एप्रिल २०१५ मध्ये उघड्या हवेत ताशी ६०३ किमी गाठले.

सद्यस्थिती

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हर्जिन हायपरलूपने शंभराहून जास्त कर्मचारी कमी केले आणि प्रवासी सोडून मालवाहतुकीकडे वळत असल्याचे सांगितले. व्हर्जिनने आपले नावही काढून घेतले. २०२३ च्या अखेरीस कंपनी बंद पडली. आंध्र प्रदेशात विजयवाडा–अमरावती मार्गासाठी २०१७ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीशी झालेला करारही कागदावरच राहिला.

संशोधन मात्र थांबलेले नाही. नेदरलँड्समधील वेन्डाम येथे ४२० मीटरची चाचणी-नळी २०२४ मध्ये सुरू झाली. चीनमध्ये शान्शी प्रांतातील दातोंग येथे सुमारे दोन किलोमीटरचा मार्ग आहे. भारतात आयआयटी मद्रासच्या थैयूर येथील आवारात, रेल्वे मंत्रालयाच्या मदतीने, ४२२ मीटरची नळी २०२४ च्या अखेरीस पूर्ण झाली. तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातून रेषीय मोटर, चुंबकीय उत्थापन आणि मोठ्या आकाराचे निर्वात कक्ष यांविषयी जे ज्ञान तयार होते आहे ते मोलाचे आहे, आणि हायपरलूप कधी न धावला तरी बंदरांतली मालवाहतूक किंवा मेट्रो यांना त्याचा उपयोग होऊ शकतो. पुणे–मुंबई प्रवाशांसाठी मात्र १८६३ मध्ये खुला झालेला बोर घाटाचा लोहमार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग हेच दोन मुख्य रस्ते आहेत. डेक्कन क्वीनला तिथे आजही तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो.