जुना मँगनीजचा दगड ओळखायला आणण्याआधी

माळा आवरताना पेटीभर काळे दगड निघाले, घरातले कोणी पूर्वी नागपूर जिल्ह्यातल्या मनसर-कांद्रीकडे मँगनीजच्या खाणीत होते, तर यात काही मौल्यवान आहे का? आमच्या खनिज-नमुन्यांच्या दुकानात हा प्रश्न रोजचा झाला आहे.

आधी एक विनंती: दगड धुऊन आणू नका. अॅसिडने तर मुळीच नाही. संडास साफ करायच्या अॅसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. अशा काळ्या दगडांतल्या मँगनीज डायऑक्साइडशी गाठ पडली की त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा प्रकार जिवावर बेतू शकतो. शिवाय दगडाचा वरचा थर विरघळतो आणि ओळख पटवणारी चकाकी, द्राक्षाच्या घडासारखे फुगवटे, सगळे जाते. मग आतला ताजा भाग पाहायला आम्हाला कोपरा फोडावा लागतो, वेळ लागतो आणि ग्राहक नाराज होतात. साध्या पाण्यानेही दगडावरच्या पांढऱ्या ठिपक्यातला नमुन्याचा शाईचा नंबर पुसला जातो. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश फिरवा, तेवढे पुरे. संत्र्याच्या पेटीत सुटे दगड भरूनही आणू नका. पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज, इतका मऊ असू शकतो की बोटे काळी होतात, मग दगडाचे नाव-ठिकाण लिहिलेल्या शेजारच्या चिठ्ठीचे काय होत असेल! प्रत्येक दगड वेगळ्या कागदात, चिठ्ठी त्याच्यासोबत.

दगडापेक्षा चिठ्ठी जास्त बोलते. ‘सी.पी.’ लिहिले असेल तर ती बहुधा 1950 पूर्वीची, मध्यप्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) हे नाव चालू होते तेव्हाची. ‘सी.पी.एम.ओ.’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी, ही 1896 साली सुरू झालेल्या सिंडिकेटमधून पुढे आलेली ब्रिटिश कंपनी. तिच्या खाणी 1962 मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडकडे, म्हणजे आजच्या मॉइलकडे आल्या. ‘गुमगाव’ वाचून हिंगणा तालुक्यात जाऊ नका, खाणीचे गुमगाव सावनेर तालुक्यात, खाप्याजवळ. कांद्रीही रामटेकची, कन्हानजवळची नव्हे.

‘सितापाराइट’ हे नाव आजच्या यादीत सापडत नाही म्हणून चिठ्ठी चुकीची समजून फेकणारे भेटतात. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारवरून फर्मर या भूवैज्ञानिकाने दिलेले हे नाव. ते खनिज बिक्सबाइट या मँगनीज-लोहाच्या खनिजाहून वेगळे नसल्याचे नंतर ठरले. त्यानेच नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या धातुकातून (धातू काढायच्या दगडातून) वर्णन केलेले ‘व्रेडेनबर्गाइट’ही पुढे दोन खनिजांचे मिश्रण निघाले. ते चुंबकाला ओढले जाते. पण मॅग्नेटाइट हे लोहखनिजही जाते, तेव्हा घरच्या चुंबकावर निकाल लावू नका.

घरी करण्याजोगी एकच परीक्षा: चकाकीच्या फरशीच्या मागच्या, बिनचकाकीच्या बाजूवर दगड ओढा. रेघ लालसर आली तर तो बहुधा लोहखनिज हेमाटाइट. काळी किंवा तपकिरी-काळी आली तर आमच्याकडे आणा. दगडात बुडबुड्यांची भोके दिसली तर ती भट्टीची मळी असण्याचीच शक्यता जास्त. ब्राउनाइट हे मँगनीजचे खनिज हातात घेतले की वजनानेच कळते, त्याच आकाराच्या गारगोटीच्या जवळपास पावणेदोन पट जड.

भावाचे सरळ सांगतो. धातुक टनावर आणि टक्केवारीवर विकले जाते, एका दगडाला त्या हिशेबाने काहीच मोल नाही. मोल येते ते खात्रीच्या ठिकाणामुळे. नुसत्या नजरेने आम्ही खाणीचे नाव लिहून देत नाही, ते याचसाठी. एकाच पट्ट्यातले काळे दगड एकमेकांसारखेच दिसतात.

नवे दगड मात्र गोळा करायला जाऊ नका. मनसर, कांद्री, गुमगाव इथे आजही काम चालते. खाणीच्या भाडेपट्ट्याच्या हद्दीतला ढिगाऱ्यावरचा दगडही परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि पाणी भरलेल्या जुन्या खड्ड्यांच्या कडा केव्हाही ढासळतात. असे दगड आम्ही घेत नाही.

पेटीतले फिके, तपकिरी-नारिंगी दाण्यांचे दगड ‘साधे’ म्हणून टाकू नका. गार्नेट आणि गारगोटीचा तो गोंडाइट असू शकतो. भूशास्त्राच्या महाविद्यालयांना धातुकाबरोबर तोही हवा असतो. चिठ्ठीसह आणलात तर ओळखीचे शुल्क वळते करून आम्ही तो विकत घेतो, किंवा बदल्यात लाकडी पेटीतला तयार संच देतो.