अँटिव्हायरसमधल्याच त्रुटी : मागची चाळीस वर्षं

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातली पतसंस्था घ्या, डीटीपीचं दुकान घ्या नाहीतर उद्यमबागेतलं मशीन शॉप. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात अँटिव्हायरसचं चिन्ह असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर लाल फुली असते. लायसन्स संपलेलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "असू दे की, नसल्यापेक्षा बरं." हे खरोखर बरं आहे का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ चा, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा 'ब्रेन'. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा. त्या काळात अँटिव्हायरसचं काम सोपं होतं. फ्लॉपीवरचे बाइट वाचायचे, आपल्याजवळच्या व्हायरसच्या खुणांच्या यादीशी ताडून बघायचे, जुळले तर ओरडायचं. आपल्या ओळखीचं क्विक हीलही याच काळातलं. साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकटे भाऊ संजय यांच्या प्रोग्रॅममधून नव्वदच्या दशकात ती कंपनी उभी राहिली.

पुढं व्हायरस लिहिणारे हुशार झाले. फाइल झिप कर, झिपसारख्याच एआरजेमध्ये गुंडाळ, पॅकरने, म्हणजे प्रोग्रॅम दाबून छोटा करणाऱ्या साधनाने, आवळून टाक, असे प्रकार सुरू झाले. मग अँटिव्हायरसलाही प्रत्येक गाठोडं सोडून आत बघणं भाग पडलं. एकेका प्रकारासाठी वेगळा कोड, बहुतेक सी किंवा सी++ मध्ये घाईने लिहिलेला. फाइल सांगते, माझ्या आत इतका मजकूर आहे. कोड विश्वास ठेवून तेवढीच जागा राखतो. प्रत्यक्षात मजकूर जास्त निघाला की तो शेजारच्या मेमरीत सांडतो आणि सांडलेला भाग हल्लेखोराने नीट रचलेला असेल, तर संगणक तोच आज्ञा म्हणून चालवतो. हीच ती बफर ओव्हरफ्लो नावाची जुनी खोड.

अशी खोड कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघते. इथं अडचण वेगळी आहे. कोगनोळी नाक्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकची ताडपत्री सोडून आत डोकं घालणारा माणूस जसा, तसा हा प्रोग्रॅम. फरक एवढाच की याच्या खिशात अख्ख्या गावाच्या किल्ल्या असतात. विंडोजवर तो 'सिस्टीम' या सर्वोच्च अधिकाराने चालतो, काही वेळा थेट कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात.

लग्नसराईत डीटीपीच्या दुकानात उभं राहून बघा. "आण्णा, एवढी पत्रिका काढून द्या की," म्हणत कुणीतरी पेन ड्राइव्ह पुढं करतो. तो लावला, खिडकी उघडली की आत श्रीलिपीतल्या फाइली, नवऱ्यामुलाचे फोटो आणि फोल्डरचं चित्र लावलेली एक एक्सई, म्हणजे प्रत्यक्षात चालणारा प्रोग्रॅम, दिसते. आण्णा अनुभवी, ते त्या एक्सईला हात लावत नाहीत. पण खिडकी उघडताच अँटिव्हायरसने ती वाचलेली असते. माणसाने न उघडलेली फाइल रखवालदाराने उघडलेली असते, आणि या सगळ्या इतिहासात घोटाळा झाला तो तिथंच.

सुरुवातीचे दणके साधे होते. '४२.झिप' ही फाइल जेमतेम ४२ किलोबाइटची, पण पूर्ण सोडवली तर साडेचार पेटाबाइट होते. भोळं स्कॅनर ती सोडवत बसायचं आणि मशीन आडवं व्हायचं. मार्च २००४ मध्ये 'विटी' हा वर्म, म्हणजे नेटवरून आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, आला तेव्हा चेष्टा संपली. तो आयएसएस कंपनीच्या ब्लॅकआइससारख्या फायरवॉलमधून, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून, शिरला. ते अँटिव्हायरस नव्हे, पण भाऊबंदच. त्रुटी जाहीर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हल्ला झाला, सुमारे १२,००० मशीन सापडली आणि वर्मने त्यांच्या हार्ड डिस्कवर जिथं तिथं कचरा लिहिला. ज्यांनी सुरक्षेसाठी पैसे मोजले होते, नेमके तेच बुडाले.

२००५ मध्ये अलेक्स व्हीलर आणि नील मेहता या संशोधकांनी ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत सिमँटेक, मॅकॅफी, ट्रेंड मायक्रो, एफ-सिक्युअर अशा मोठ्या नावांतली भोकं मांडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात सिमँटेकच्या कॉर्पोरेट आवृत्तीत मोठी त्रुटी सापडली, दुरुस्तीही लगेच आली. तरी डिसेंबरात तिच्यावर वर्म फिरलाच, कारण कितीतरी ठिकाणी कुणी अपडेट केलंच नव्हतं. आपल्या लाल फुलीला हा किस्सा सगळ्यात जवळचा.

गूगलच्या टॅव्हिस ऑरमँडीने २०१६ मध्ये सिमँटेक-नॉर्टनचं जे बाहेर काढलं, ते वाचून मात्र डोक्याला हात लावावा. आवळलेल्या फाइली सोडवणारा कोड त्यांनी थेट विंडोजच्या कर्नेलमध्ये बसवला होता. ईमेल नुसता येऊन पडला तरी पुरे, उघडायची गरज नाही. शिवाय बाहेरून घेतलेल्या काही मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, किमान सात वर्षं अद्ययावत केलेल्या नव्हत्या. इतरांना 'अपडेट करा' म्हणून रोज टोकणाऱ्या कंपनीची ही तऱ्हा! २०१७ च्या मे महिन्यात ऑरमँडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांना विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या इंजिनात, म्हणजे फाइली तपासणाऱ्या मूळ भागातही, तसंच भोक सापडलं. ते काही दिवसांत बुजवलं गेलं. पुढच्या वर्षी डिफेंडरला बंदिस्त कप्प्यात, म्हणजे सँडबॉक्समध्ये, चालवायची सोय आली. माझ्या मते ही सोय दहा वर्षं आधीच यायला हवी होती. तरीही डिफेंडरमध्ये बारा वर्षं दडून बसलेली एक त्रुटी २०२१ मध्ये निघालीच.

आपल्या देशातली नावंही यातून सुटलेली नाहीत. क्विक हीलच्या मॅक आवृत्तीतल्या बफर ओव्हरफ्लोची नोंद २०१७ ची आहे. त्याहून गंभीर प्रकरण ईस्कॅनचं. त्याचे अपडेट साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वाटेत मजकूर बदलता येईल अशा मार्गाने, यायचे. वाटेत बसलेल्या टोळीने खरी फाइल काढून आपली घातली आणि संगणकांत 'गुप्तीमायनर' हा घातक प्रोग्रॅम शिरला. अव्हास्ट या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी हे कळवल्यावर कंपनीने जुलै २०२३ मध्ये ही वाट बंद केली आणि एप्रिल २०२४ मध्ये सगळा प्रकार जाहीर झाला. खुद्द अव्हास्टचा एक जुना ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलमध्ये चालणारा भाग, २०२२ मध्ये खंडणीखोरांनी हत्यार म्हणून वापरला होता, तोही दुसरे अँटिव्हायरस बंद पाडायला.

जुलै २०२४ मधला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा गोंधळ हा हल्ला नव्हता, चुकीचा अपडेट होता. पण सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले, आणि मूळ कारण ओळखीचंच होतं : कर्नेलमध्ये बसून बाहेरून आलेली फाइल वाचणं.

आता लाल फुलीकडे. लायसन्स संपलं की नव्या व्हायरसची यादी येणं थांबतं, हे सगळ्यांना माहीत असतं. इंजिनाची दुरुस्तीही थांबते, हे फारसं कुणी सांगत नाही. स्कॅनिंग चालू राहिलं तर ते जुनं इंजिन पूर्वीच्याच अधिकाराने प्रत्येक फाइल सोडून बघत राहतं, आणि त्यातली भोकं एव्हाना जगजाहीर झालेली असतात. नूतनीकरण करायचं नसेल तर ते रीतसर अनइन्स्टॉल करावं. विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर आपोआप कामाला लागतं. उद्यमबागेत सीएनसीला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनला हा उपाय लागू नाही. तिथं नेटची वायर काढून ठेवणं आणि प्रोग्रॅम नेण्यासाठी एकच वेगळा पेन ड्राइव्ह वापरणं, एवढंच हातात राहतं.